काचेपलीकडची खुर्ची

परवा एका बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि मग नेहमीचा प्रश्न आला, "तुमची मुलगी काय करते हो सध्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. "आवाजाचं काम करते," मी म्हटलं.

"म्हणजे गाते?"

"नाही. गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग करते. स्वतःच्या रचनाही करते, पण त्यात गाणं नसतं."

"मग डीजे?" असं एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. सात-आठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतः लेकीला विचारला होता, आणि तो हसत हसत नव्हता विचारला!

मी मिरजेची. म्हणजे सतारी-तंबोऱ्यांच्या गावची, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावची. घरी गाण्याचे क्लास घेते, गेली तीस वर्षं. दारात चपलांची रांग, आत दहा-बारा मुली, आणि भूप रागातली तीच ती सरगम. या क्लासवरच माझा संसाराला हातभार लागला, तेव्हा त्याला नावं ठेवायची नाहीत. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. १९८६ साली, लग्नाआधी, मी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर भावगीत गायला गेले होते. नवी साडी, घशाला कोरड. मोठ्या काचेपलीकडे एक गृहस्थ बसले होते, पुढ्यात बटणंच बटणं. मी एक कडवं म्हटल्यावर त्यांचा आवाज आला, "ताई, वरच्या स्वराला अर्धं पाऊल मागे या, आणि तोंड किंचित बाजूला." तसं केलं. मग त्यांनी दोन्ही ऐकवलं. पहिल्यांदा जो स्वर चिरकल्यासारखा लागला होता, तो दुसऱ्या वेळी गोल, भरीव. गळा माझाच होता! मला गाण्याइतकंच त्या अर्ध्या पावलाचं अप्रूप वाटलं. हे यांना कसं कळलं? कुठे शिकवतात हे?

पण मी विचारलं नाही. कुणी अडवलं नव्हतं, ते गृहस्थ तर अगदी सज्जन होते. ती खुर्ची आपल्यासाठी असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी काचेच्या अलीकडची. गायचं, मानधन घ्यायचं, एसटीने घरी यायचं.

लेक मात्र लहानपणापासून विचारणाऱ्यांतली. गाण्यात बसवलं तर म्हणे, "आई, तंबोरा एकच तार छेडला तरी त्यातून गंधार कुठून येतो?" आता याचं उत्तर गाण्याच्या बाईला ठाऊक असतं, पण सांगता येत नाही. ती उत्तर शोधायला सतारमेकर गल्लीत जाऊन बसायची. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या आजे-पणज्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी वाद्यं दुरुस्त करता करता वाद्यं घडवायला घेतली. पंढरपूरकडून वाळलेले भोपळे येतात, ते टिचकी मारून पारखायचे, कानस घासायची, आणि शेवटी घोडीवर जवारी लावायची. घोडीचा माथा अगदी केसभर उतरता घासला की तार त्यावर हलकेच घासत राहते आणि एका स्वरातून कितीतरी स्वर उमलतात. लेकीचा गंधार तिथं होता! ती मोबाइलमध्ये कानशीचा आवाज भरून आणायची. आम्हाला वाटायचं, पोरीला नाद आहे, जाईल.

गेला नाही. बीएस्सी फिजिक्स झाल्यावर बीएड करायचं सोडून ती पुण्याला एका छोट्या स्टुडिओत लागली. दोन वर्षं जाहिरातींचे, भक्तिगीतांचे आवाज कापले-जोडले. रात्री स्वतःच्या रचना करायची. आणि २०१८ साली एक दिवस जेवताना म्हणाली, "मला इंग्लंडला बर्मिंगहॅम विद्यापीठात इलेक्ट्रो-अकूस्टिक संगीत शिकायचंय. प्रवेश मिळालाय. कर्ज काढावं लागेल."

घरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. आत्याबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घालून पोरीला टेपरेकॉर्डर चालवायला शिकवायचं?" ह्यांनी कागद मागितले आणि गप्प बसले. सगळ्यांत जास्त विरोध कुणाचा होता माहितेय? माझा. संगीत म्हणजे मी ज्याला संगीत म्हणते तेच, असं माझं ठाम मत. मी बोलले, "स्वर नाही, ताल नाही, बोल नाहीत, मग ते संगीत कसलं? गोंगाट शिकायला परदेशी जायचं?" चार दिवस आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

पाचव्या दिवशी तिनं मला एका बाईची गोष्ट सांगितली. डेलिया डर्बीशायर. बर्मिंगहॅमच्या शेजारचंच कॉव्हेंट्री हे तिचं गाव. जन्म १९३७चा, म्हणजे लहानपण युद्धात गेलं. बॉम्बहल्ल्याचे भोंगे ऐकतच ती मोठी झाली, आणि आपल्याला आवाजांची ओढ तिथूनच लागली असं ती पुढे सांगायची. साध्या घरातली मुलगी केंब्रिजला गणित आणि संगीत शिकली. १९५९ साली एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीत नोकरी मागायला गेली, तर उत्तर मिळालं, आम्ही स्टुडिओत बायका ठेवत नाही. मग बीबीसीत लागली आणि तिथल्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेली. ही कार्यशाळा १९५८ साली सुरू करण्यातही एक बाई पुढे होती, डॅफ्नी ओरॅम. नाटकांना, कार्यक्रमांना लागणारे कधी न ऐकलेले आवाज तिथं घडवायचे.

तेव्हा संगणक नव्हते, आजच्यासारखी वाद्यंही नव्हती. डेलियाकडे दिव्याची एक जुनी पत्र्याची हिरवी शेड होती. ती वाजवायची, टेपवर भरायची. ठोका पडतो तो क्षण ब्लेडने कापून टाकायचा आणि मागे उरलेली नुसती घुमार ठेवायची. टेप हळू फिरवली की स्वर खाली जातो, जोरात फिरवली की वर. असा एकेक स्वर मापाने कापायचा, एकापुढे एक चिकटवायचा. इंचाच्या हिशेबात. मैत्रिणींनो, हे ऐकताना मला माझी शिवणकामाची बाई आठवली. कापड बेतायचं, शिवण जुळवायची, आणि बाहेरून टाका दिसता कामा नये!

१९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकसंगीत तिनं असं टाका टाका घालून तयार केलं. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ऐकू येतं ते सगळं तिच्या हातचं. ग्रेनर स्वतः म्हणत होते, हिलाही निम्मं श्रेय द्या. कार्यालयाच्या नियमात ते बसलं नाही. २००१ साली ती गेली. तिच्या घराच्या माळ्यावर २६७ टेपा निघाल्या. पडद्यावर तिचं नाव झळकलं ते मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, २०१३ मध्ये.

मी ऐकून उठले आणि बँकेत जामीन म्हणून कुणाकुणाच्या सह्या लागतात ते ह्यांना विचारलं. गोष्टीनं माझं मन बदललं म्हणावं, तर तसंही नाही. त्या माळ्यावरच्या टेपांनी मला भीती घातली. माझी पोरही असंच सगळं खोक्यांत भरून ठेवेल आणि मी तिला भूप शिकवल्याच्या समाधानात राहीन, ही ती भीती.

तर काय शिकली ती तिथं? पहिली गोष्ट म्हणजे ऐकायला. हे वाचून मलाही हसू आलं होतं. पण सुट्टीत घरी आली तेव्हा प्रत्येक खोलीत जाऊन टाळी वाजवून पाहायची. देवघरात आवाज कोरडा, जिन्यात लांबट, गणपतीच्या देवळाच्या सभामंडपात तर टाळी परत येऊन भेटते. भिंत गुळगुळीत आणि टणक असली की आवाज उसळी मारतो, जाड मऊ कापड असलं की तो त्यात जिरतो. एक दिवस पाहते तर माझ्या सासूबाईंच्या सात गोधड्या तिनं मागच्या खोलीच्या भिंतींना टांगलेल्या! शेजारणीला वाटलं, घरात ढेकूण झाले म्हणून वाळत घातल्यात. लेक म्हणाली, "आई, स्टुडिओत हेच करतात, हजारो रुपयांचा फोम लावून. आजीनं फुकटात करून ठेवलंय." मात्र गोधडीनं पातळ, वरचे आवाज जिरतात, खालचे घुमणारे, ट्रकच्या इंजिनासारखे, तसेच राहतात. तेवढं आजीच्या हाताबाहेरचं.

मग मायक्रोफोन. कुठला माइक, किती अंतरावर, कुठल्या कोनात. माझं ते १९८६चं अर्धं पाऊल तिथं रीतसर शिकवतात, त्यामागच्या भौतिकशास्त्रासकट. आणि मग रचना. १९४८ साली पॅरिसमध्ये पियेर शेफेर नावाच्या रेडिओ-इंजिनिअरनं आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित केले, इंजिनाच्या शिट्ट्या, रुळांचा खडखडाट, आणि त्यांतूनच एक रचना बांधली. आवाज हाच कच्चा माल, जसा आपल्याला षड्ज-पंचम. हे काम आता संगणकावर होतं. आवाज ताणायचा, उलटा फिरवायचा, त्याचे तुकडे करून धान्यासारखे पाखडायचे. मैफलीत स्टेजवर माणूसच नसतो! बर्मिंगहॅमला जोंटी हॅरिसन यांनी १९८२ साली सुरू केलेला 'बीस्ट' नावाचा लाउडस्पीकरांचा ताफा आहे, शंभराच्या घरात स्पीकर. श्रोते अंधारात बसतात, एक जण मधोमध बसून आवाज पुढून मागे, डोक्यावरून खाली फिरवत राहतो. फोनवर लेक सांगायची, "आई, पाऊस आधी लांब होता, मग माझ्या मानेवर आला." मी म्हणायचे, "स्वेटर घाल."

तिची परीक्षेची रचना मी घरी, तिचे हेडफोन लावून ऐकली. साडेआठ मिनिटं. सुरुवातीला वाटलं काहीतरी बिघडलंय. खरखर, टकटक, मध्येच शांतता. मग कळलं, ही कानस आहे. ही भोपळ्यावरची टिचकी. आणि त्या टिचकीची घुमार लांबत लांबत गेली, तिच्यातून एक स्वर निघाला, त्यावर दुसरा, आणि जवारी लागावी तसा सगळा कान भरून गेला. मला रडू आलं. पण खरं तेच सांगते, तिच्या बाकीच्या दोन रचना मला अजूनही आवडलेल्या नाहीत. त्यांत मला नुसता कारखाना ऐकू येतो. तसं तिला सांगितलं आहे, आणि ती म्हणते, चालेल.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणते. आपण मुलींना गायला शिकवतो. हौसेनं शिकवतो, विशारद करतो, लग्नाच्या बायोडाटात लिहितो. या देशात आवाज तबकडीवर चढवण्यात बाई पहिल्यापासूनच पुढे होती. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान गायल्या. तबकडीच्या शेवटी त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायच्या. त्यांच्यानंतर किती थोर गायिका झाल्या. पण भोंग्यापलीकडे, काचेपलीकडे कोण होतं? सूर आपला, तो किती ठेवायचा, कुठला तुकडा कापायचा, हे दुसऱ्यानं ठरवायचं. घरातही हेच चालतं, म्हणून आपल्याला ते खुपत नाही.

आणि बायकांना हे जमत नाही असं म्हणावं, तर एक उदाहरण आकाशातच आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी त्या तबकडीवर आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. पण त्याच तबकडीवर आणखी एका बाईचं काम आहे. लॉरी स्पीगेल या अमेरिकन संगीतकार बाईंनी केप्लरच्या ग्रहगतीच्या गणितावरून संगणकाकडून स्वर काढून घेतले, तेही तिथं आहेत. एक बाई गाते आहे आणि दुसरी यंत्राला गायला लावते आहे, दोघी एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर चालल्या आहेत. आपण मात्र मुलीला पहिलीचंच चरित्र वाचायला देतो.

आपल्याकडेही हे नवं नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला, डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं तो बसवून दिला. त्यावर काम केलेल्या चार-पाच भारतीयांत गीता साराभाई होत्या, त्या काळी पखवाज वाजवणाऱ्या बाई! त्या टेपा पुढे कित्येक वर्षं संस्थेत पडून होत्या, २०२३ साली त्यांतल्या काही जगापुढे आल्या. पुन्हा टेपा, पुन्हा पडून राहणं. अलीकडे इंदूरची आपली मराठी मुलगी स्नेहा खानवलकर गावोगाव फिरून माणसांचे, रस्त्यांचे आवाज गोळा करते आणि त्यांतून सिनेमाचं संगीत बांधते. 'गँग्ज ऑफ वासेपूर' २०१२ सालचा. तिचं नाव निघालं की मी बायकांना म्हणते, बघा, डीजे नाही.

रेकॉर्डिंग म्हणजे नुसता सिनेमाही नव्हे. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, शेकडो तासांच्या मेहनतीनं पुष्कळ आवाजही भरून ठेवले. आज जातं गेलं, ओवी म्हणणाऱ्या कितीतरी जणी गेल्या, आवाज राहिले. एखाद्या आजीपुढे माइक धरायला तिच्या नातीच्या वयाची मुलगी बसली, तर आजी वेगळं गाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. परक्या बाप्यापुढे ती दोन ओव्या म्हणून पदर तोंडाला लावते.

पण कुणाला भुलवायचं नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. परतल्यावर सहा महिन्यांत कोरोना आला आणि स्टुडिओ बंद पडले, तेव्हा लेकीनं घरी बसून त्याच गोधड्यांच्या खोलीत मराठी ऑडिओबुकांचं काम केलं. पगार नाही, कामामागे पैसे. एक महिना भरलेला, दुसरा रिकामा. रात्री दोन-दोनला सुटते. कित्येक ठिकाणी ती एकटी मुलगी, आणि केबलचं वेटोळं उचललं की कुणीतरी म्हणतंच, "राहू द्या मॅडम, तुम्हाला जड होईल." लग्नाचं विचाराल तर तो वेगळा लेख होईल.

म्हणून ज्यांच्या घरी अशी पोर आहे, त्यांना चार अनुभवाचे बोल. परदेशीच जायला हवं असं मुळीच नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचा पूर्ण अभ्यासक्रम आहे, सरकारी आहे. त्याला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स मागतात, तेव्हा दहावीनंतर 'मुलीला गाणं आवडतं ना, मग आर्ट्‌सला टाका' ही घाई करू नका. आमच्याकडे ती थोडक्यात टळली. आणि तीन महिन्यांत साउंड इंजिनिअर करून देतो म्हणून लाखभर रुपये मागणाऱ्या गल्लीबोळातल्या क्लासांत पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, स्टुडिओत मुलीच्या स्वतःच्या हाताला किती तास मिळतील? उत्तर गुळमुळीत आलं तर चपला घालून परत या. घरी सुरुवात करायला मोबाइल पुरतो. गोधड्या असतीलच.

या दिवाळीत लेक चार दिवस आली होती. माझ्या क्लासमधल्या एका नववीतल्या मुलीचं गाणं शाळेच्या स्पर्धेला पाठवायचं होतं. मागची खोली तयार केली, माइक लावला. लेक म्हणाली, "आई, तू बस आज इथं." आणि हेडफोन माझ्या कानाला लावले. मी बसले. साठीच्या उंबरठ्यावर, पहिल्यांदा. पोरीनं डोळे मिटून सुरू केलं, अंतऱ्याला वर गेली आणि स्वर चिरकला. मी हात वर केला, तिला थांबवलं, म्हटलं, "बाळा, वरच्या स्वराला अर्धं पाऊल मागे ये. आणि तोंड किंचित बाजूला."

तिनं तसं केलं. फार सुंदर लागला. मी लेकीकडे वळून पाहिलं, तर ती मान हलवत होती. पंखा बंद करायचा राहिला होता, त्याची घरघर सगळ्या गाण्यावर बसली होती. परत घ्यावं लागलं.